ठोकळ्याची बोलकी बाजू

रखमीबाई माझ्या डोक्यावर राहायला आल्या तेव्हा भाताची झोडणी संपली होती. डोक्यावर म्हणजे वरच्या मजल्यावर. आमची शुभलाभ सोसायटी डहाणू स्टेशनच्या पश्चिमेला आहे आणि तिचा स्लॅब असा आहे की त्यातून पाणी आणि आवाज या दोनच गोष्टी आरपार जातात. पाण्याबद्दल तक्रार केली की बिल्डरचा फोन बंद लागतो. आवाजाबद्दल तक्रार केली की सेक्रेटरी येतात. म्हणून आमच्याकडे गळती खूप आणि शांतताही खूप.

वरच्या घरात जीवन राहतो. पाटबंधारे खात्यात आहे, मुलगा सरळ आहे, लिफ्टमध्ये दुसऱ्याच्या मजल्याचं बटण आधी दाबणारा. वडील गेल्यावर आई गावी, झरीला, एकटी नको म्हणून तो तिला घेऊन आला. तिकडे धाकटा तुक्या आहे, पण तुक्या दिवसभर शेतावर असतो आणि आईचे गुडघे दिवसभर घरी असतात. रखमीबाई यायला तयार झाल्या, एका अटीवर. रविवारचा कोंबडा त्या स्वतः कापणार. दुकानदाराने तुकडे करून पिशवीत घातलेला चालणार नाही. हे जमत नसेल तर त्यांना झरीच्या जीपमध्ये बसवून द्यायचं आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

जीवन हो म्हणाला. आई घरी येतेय या आनंदात माणूस कशालाही हो म्हणतो.

पहिल्या रविवारी सकाळी माझ्या डोक्यावर ढोल वाजायला लागला. मला वाटलं, वर फर्निचरचं काम निघालं. चौकशी करावी म्हणून गेलो. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात फरशीवर रखमीबाई बसल्या होत्या, पुढ्यात सुनेच्या, म्हणजे योगिताच्या, लग्नातला पाट, पाटावर सोलून साफ केलेला अख्खा गावठी कोंबडा आणि हातात कोयता. पाटाखाली दोन पट्ट्या, मध्ये पोकळी. त्यावर घाव बसला की आवाज आमच्या घरातून थेट मीटरच्या खोलीपर्यंत जात होता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, हातांकडे.

"दादा, वाटी कुठंय?"

"कसली वाटी?"

"मग आलास कशाला?"

योगिताने घाईघाईने मला खुर्चीत बसवलं आणि जीवनने ओशाळून खुलासा केला. त्यांच्या पाड्यावर घरं एकमेकांपासून लांब असतात. कुणाकडे कोंबडा कापला तर कुणी कुणाला बोलवायला जात नाही. लाकडावर कोयत्याचा आवाज झाला की तेच बोलावणं. ज्याच्या कानावर आलं त्याने वाटी घेऊन यायचं. आवाजामागे आलेल्याला रिकामं पाठवायचं नाही आणि ज्याला ऐकू आलं नाही त्याने मागाहून वास घेत यायचं नाही.

"आणि एखाद्याने हळूच कापला तर?" मी विचारलं.

"तसं घर पण असतं एखादं," रखमीबाई म्हणाल्या. "त्यांच्या लग्नाला लोकं जातात. पण घरून जेवून जातात."

त्या दिवशी मी घरी जाऊन वाटी आणली. पुढच्या रविवारी विचारावं लागलं नाही. रश्श्याचं वर्णन मी करणार नाही. ज्याने खाल्ला नाही त्याचा जळफळाट व्हायला नको, आणि मी बरीच वर्षं एकट्यापुरताच स्वयंपाक करतो आहे, त्यामुळे माझी साक्ष फार निःपक्षपाती धरू नये.

पण आवाज माझ्या एकट्याच्या घरात थोडाच येत होता. दुसऱ्याच रविवारी दक्षाबेन आल्या.

दक्षाबेन आमच्या सेक्रेटरी. बाई कामाची आहे. टाकी धुवायची तारीख तिच्यामुळे पाळली जाते. सोसायटीत तिचा एकच आग्रह असतो, की कुणाला कुणाचा त्रास नको, आणि त्रास म्हणजे काय हे ती ठरवते.

"जीवनभाई, आम्हाला खाण्याचा वांधा नाही हां," त्या दारातूनच म्हणाल्या. आत यायचं त्यांनी टाळलं, कारण आत खाणं होतं. "जेणे जे खावं ते खावं. आवाजाचा वांधा आहे. रविवारी ठोकाठोकी बंद, असा आपला नियमच आहे."

"तो सुतारकामासाठी आहे ना, बेन?"

"ठोकाठोकी म्हणजे ठोकाठोकी. नियमाला काय माहीत खाली लाकूड आहे का मुर्गी आहे?"

जीवन म्हणाला, बघतो. आत रखमीबाईंनी कोयता धुऊन खुंटीला लावला आणि पिशवी कुठे ठेवली आहे ते सुनेला विचारलं. पिशवी म्हणजे झरीची पिशवी.

जीवन सरळ माणूस आहे हे मी सांगितलंच. सरळ माणसाला कुणाशी भांडता येत नाही, म्हणून तो वस्तू सुधारायला घेतो. त्याने ठरवलं, दोष आईचा नाही, दक्षाबेनचा नाही, दोष पाटाचा आहे. आपण घरीच असा ठोकळा बनवायचा की आवाजच होणार नाही. मग रात्रंदिवस मोबाईलवर परदेशातली दाढीवाली माणसं बघायला लागला. ती माणसं लाकडावर हात फिरवत तासतास बोलतात आणि एकदाही काही कापून खात नाहीत.

तुक्याने झरीहून चिंचेची एक जुनी तुळई पाठवली. गोठा पाडला तेव्हापासून ती घरामागे वाळत पडली होती. झरीहून जीपच्या टपावर, कुणाच्या तरी नव्या कपाटाच्या शेजारी बसून ती आली आणि आमच्या पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरच्या जागेवर आडवी झाली. जीवनने आरा मशीनवरून तिचे तुकडे करून आणले आणि मला खाली बोलावलं.

"काका, सगळा खेळ रेषेचा आहे," तो म्हणाला. ऑफिसात पाण्याची पाळी समजावतात तसा त्याचा सूर होता. "लाकूड तीन तऱ्हेने ठेवता येतं. एक पाठीवर झोपलेलं. म्हणजे फळी असते तसं, रेषा लांबलचक दिसतात. दिसायला सुंदर. दुसरं कुशीवर झोपलेलं. म्हणजे पट्ट्या कडेवर उभ्या करून चिकटवायच्या. आणि तिसरं उभं. झाडात होतं तसं, रेषा खालून वर. वरून नुसते ठिपके दिसतात."

"आणि आपल्याला कुठलं?"

"तेच ठरवायचंय. तुम्ही तुमच्या स्वयंपाकघरात जाऊन बसा. मी वरून मारतो. ऐकू किती येतं ते सांगा."

तर अशा रीतीने मी सरकारी नसलेल्या एका चाचणीत भाग घेतला. मी ओट्याजवळ स्टूल घेऊन बसलो, कानाला फोन, डोळे छताला.

"काका, हे पाठीवर." वरून टाक असा आवाज आला. टाक म्हणजे दारावर पोलीस आल्यासारखा.

"आला."

"किती आला?"

"पूर्ण आला."

"आता कुशीवर." टोक.

"हा पण आला. पण ओळखीचा वाटला. पोस्टमन."

"आता उभं."

मी वाट पाहिली. बराच वेळ झाला तेव्हा म्हणालो, "मार की."

"मारला, काका."

उभ्या रेषेत कोयत्याचं पातं तंतूंच्या मध्ये घुसतं आणि लाकूड ते गिळतं, असं काहीतरी तो बोलत होता. मी पुन्हा मारायला सांगितलं. फार कान देऊन ऐकलं तर थप असं काहीतरी होतं, उशीवर उशी पडावी तसं. ठरलं. उभी रेषा.

या सगळ्यात रखमीबाईंचं मत कुणी विचारलं नव्हतं. त्या पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसायच्या आणि मुलगा तुकडे घासत असला की म्हणायच्या, "काढ शाळा लाकडाची." एकदाच त्यांनी लक्ष घातलं. तुकडे उभेच करणार असशील तर बुंधा खाली आणि शेंडा वर पाहिजे, म्हणाल्या. घराचा खांब कुणी उलटा पुरत नाही, मग हा कसा उलटा चिकटवायचा?

"आये, तुकड्यातून कसं कळणार बुंधा कुठला?"

"आण हिकडं." त्यांनी एकेक तुकडा नाकाशी धरला, दोन्ही बाजूंनी हुंगला आणि न अडखळता निकाल द्यायला सुरुवात केली. "ह्यो बुंधा. ह्यो शेंडा. ह्यो बुंधा." जीवन खडूने खुणा करत गेला. मला एक खोड सुचली. खूण केलेला एक तुकडा मी पुसून पुन्हा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तितक्याच ठामपणे उलटं सांगितलं. मी जीवनकडे पाहिलं, जीवनने माझ्याकडे पाहिलं आणि दोघांनी खडूकडे पाहिलं.

"काय झालं?" रखमीबाईंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "बरोबर आहे."

ठोकळा झाला. पांढरा डिंक लावून तुकडे सायकलच्या ट्यूबने आवळले, सुकवले, घासले, खोबरेल पाजलं. जितका जाड तितका मुका, म्हणून जीवनने तो वीतभर जाड केला. खाली रबराचे पाय लावले. वरून पाहिलं तर बुद्धिबळाच्या पटासारखा दिसत होता. योगिताने त्याचा फोटो काढून माहेरी कासाला पाठवला. तिथून विचारणा आली की एवढा गोड केक कुणाच्या वाढदिवसाचा.

मग रविवार आला.

मी सकाळपासून वाटी धुऊन तयार होतो. पेपर वाचला. पेपर पुन्हा वाचला, जाहिरातींसकट. वर सामसूम. मला वाटलं, आज उपास असेल किंवा कोंबडा मिळाला नसेल. बिनआवाजाचं जाणं मला शोभलं नसतं, नियम आता मलाही ठाऊक होता. दुपारी मी वरणभात केला आणि लोणच्याशी खाल्ला.

सोमवारी संध्याकाळी दक्षाबेन मोठ्या खुशीत वर गेल्या. मी नेमका जिन्यात होतो आणि माझं नेमकं जिन्यात असणं सोसायटीला सवयीचं आहे. त्यांच्या हातात सुखडीचा, म्हणजे गुळपापडीचा, डबा होता.

"माजी, थँक्यू हां," त्या रखमीबाईंना म्हणाल्या. "बघा, शांतीमध्ये पण कापता येतं ने? काल तुमच्याकडे बनलं ते कोणाला समजलंच नाही."

रखमीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी डबा घेतला नाही.

"कुणाला नाय समजलं?"

"कोणालाच नाही. एकदम सरस."

"ह्या खालच्या दादाला पण?"

दक्षाबेननी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. "विचारा ने त्यांना. आवाज आला तुम्हाला?"

"नाही आला," मी खरं ते सांगितलं.

"मी दुपारपर्यंत दाराकडं बघत होती," रखमीबाई म्हणाल्या. माझ्याशीच बोलत होत्या, पण रागावल्या होत्या दुसऱ्याच कशावर तरी. "मला वाटलं, मागच्या टायमाला मीठ जास्त पडलं."

दक्षाबेन गेल्यावर त्या आत वळल्या आणि जीवन ऑफिसातून आला तेव्हा त्याला चहाच्या आधी बातमी मिळाली.

"तू मला चोर केलं."

"आये, काय झालं?"

"कोंबडा कापला नि कुणाला समजला नाय. तुझा बा गेला त्याच्या बाराव्याला अख्खा पाडा वाट्या घेऊन आलता, कुणाला निरोप नव्हता. नि हिथं मी पायाखालच्या माणसाला उपाशी ठेवलं नि तुझी बेन मला खाऊ देती, बरं केलं म्हणून."

"पण तुझी अट होती कापायची. ती मी पाळली ना?"

"अट कापायची होती. लपायची नव्हती."

जीवनने ठोकळ्याचे फायदे सांगायचा प्रयत्न केला. कोयत्याची धार टिकते, ढलप्या उडत नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं. आईने ऐकून घेतलं की मुलाला वाटतं पटलं.

पुढच्या रविवारी पेपर उघडायच्या आत माझ्या छतावर वीज पडली. त्यानंतर दुसरी. भिंतीवरचं कॅलेंडर हललं. हा जुन्या पाटाचा आवाज नव्हता, पाट त्याच्यापुढे बासरी होता. मी वाटी घेऊन पळत वर गेलो.

रखमीबाईंनी जीवनच्या ठोकळ्याचे रबराचे पाय कोयत्याने उपटून टाकले होते. ठोकळा कुशीवर पाडला होता, म्हणजे उभ्या रेषा आता आडव्या झाल्या होत्या. तो वीतभर जाड असल्यामुळे कुशीवरही कापायला ऐसपैस जागा होती. आणि खाली तोच पोकळ पाट घातला होता. मुलाने मुका करायला घेतलेल्या वस्तूला त्यांनी त्याच्याच मेहनतीतून वाचा दिली होती.

जीवन कळवळून उभा होता. "आये, आडव्या रेषेवर घाव घातलास तर चिरेल तो. सांध्यावर उघडेल."

"उघडू दे. दुसरा कर. तुला येतो आता."

तेवढ्यात दक्षाबेन आल्या. या वेळी त्या उंबऱ्याच्या आत आल्या, कारण बाहेरून बोललेलं ऐकू गेलं नसतं.

"माजी, हे तुम्ही मुद्दाम करता?"

"हो."

दक्षाबेनना बहुतेक नाही हे उत्तर अपेक्षित होतं. पुढची वाक्यं त्यावर बेतलेली असावीत. त्यांनी ठोकळ्याकडे बोट केलं. "पण शांतवाली बाजू आहे ने त्याला? जीवनभाईंनी एवढी मेहनत करून बनवली."

"हाय. ती चोराला दे." रखमीबाईंनी कोयता खाली ठेवला आणि पाहुणीच्या हातांकडे पाहिलं. "वाटी कुठंय?"

"आम्ही खात नाही. तुम्हाला माहीत आहे."

"आमच्याकडं माळकरी पण हायेत, ते पण खात नाय. म्हणून काय रिकामं पाठवायचं?" त्या गुडघ्यावर हात दाबून उठल्या, ओट्याखालून झरीच्या शेतातली वालपापडी काढली आणि दोन ओंजळी भरून दक्षाबेनच्या पदरात ओतली. "आवाजावर आलीस. घेऊन जा."

पापडी कोवळी होती, हिवाळ्याची, हाताला गार लागणारी. दक्षाबेन गुजराती घरातल्या. थंडीत पापडी दिसल्यावर काय होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर झालं आणि त्यांनी ते लगेच आवरलं.

"मी मिटिंग बोलावणार," पदर सांभाळत त्या म्हणाल्या.

"बोलाव. वाट्या घेऊन ये म्हण सगळ्यांना."

त्या दिवशीच्या रश्श्यात मला चिंचेची एक ढलपी सापडली. जीवनचं म्हणणं खरं होतं, आडव्या रेषेवर लाकूड सुटतंच. मी ती ताटाच्या कडेला ठेवली आणि पुन्हा वाढून घेतलं.

मिटिंग शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये झाली. दक्षाबेननी ठराव मांडला: ठोकळा वापरायला हरकत नाही, मात्र तो उभ्या रेषेने आणि रबरासकट वापरावा. आमच्या सोसायटीच्या इतिहासात लाकडाच्या रेषेवर झालेला हा पहिला ठराव. मुख्य साक्षीदार म्हणून मला विचारण्यात आलं की आवाजाचा त्रास होतो का.

"मला एका कानाने कमी येतं," मी म्हणालो.

"आणि दुसऱ्याने?"

"त्याला आवडतं."

जीवन मान खाली घालून होता. तो हो म्हणणार हे सगळ्यांना दिसत होतं, आणि त्याने हो म्हटलं की सोमवारी झरीची पिशवी उचलली जाणार हेही ज्यांना दिसायचं त्यांना दिसत होतं. त्याने तोंड उघडलं आणि रखमीबाई खुर्चीतून बोलल्या.

"त्याला नका विचारू. कोयता माझ्या हातात असतो."

"माजी, आम्ही तुमच्या भल्यासाठीच सांगतो."

"बेन, तुझा मिक्सर सकाळी वरडतो. चटणी करती, नाय? तुला कुणी बोललं, मिक्सर गोधडीत गुंडाळ? वरच्या मजल्यावर पोर तबला बडवतो. त्याला सांगितलं, आडव्या बाजूनं बडव? पंप खडखडतो, घंटा वाजती, समद्यांचं समदं वाजतं. माझंच तेवढं मुकं पाहिजे." त्या दक्षाबेनकडे वळल्या. "मी खाती ते वाईट वाटत असंल तर तसं बोल तोंडावर. लाकडाच्या आडून नको बोलू."

पंपाने तेवढ्यात खरोखरच खडखडायला सुरुवात केली, तो बंद करायलाही कुणी उठलं नाही. तिसऱ्या मजल्यावरची भारती मात्र स्वतःच्या चपलांकडे बघत होती. ती उधव्याची, म्हणजे रखमीबाईंच्याच भागातली. तिच्या घराच्या खिडक्या रविवारी दुपारी घट्ट बंद असतात आणि एक्झॉस्ट पंखा फिरत असतो. त्याचं कारण मला कधी विचारावं लागलं नव्हतं, कारण त्या पंख्याचं तोंड जिन्याकडे आहे.

"ठराव लिहायचा तो लिव्हा," रखमीबाई उठता उठता म्हणाल्या. "मी रविवारी कापणार. पाटावर. आडवा ठोकळा घालून. ऐकायचं त्यानं ऐका."

ठराव मंजूर झाला. हात वर करणारे बरेच होते, पण कोपरातून वाकलेले होते. जीवनने हात वर केला नाही. खाली ठेवायलाही हिंमत लागते, ती मी त्या संध्याकाळी पाहिली. मग तो आईच्या मागोमाग जिना चढला, आणि थोड्या वेळाने वरून कानशीचा आवाज आला. ठोकळ्याची आडवी बाजू तो घासून साफ करत होता.

रविवारी सकाळी मी वाटी घेऊन दाराशीच उभा होतो. वेळेवर पहिला घाव पडला. कॅलेंडर हललं. मी जिन्यात पोचलो तर दक्षाबेन आधीच वर निघालेल्या. कपाळावर आठी होती आणि हातात कापडी पिशवी होती, रिकामी.

"मी तक्रार करायला चालले," त्या मला म्हणाल्या.

"हो तर," मी म्हणालो.

आणि तेव्हाच आणखी वरून, तिसऱ्या मजल्यावरून, एक आवाज आला. बारीक, जरा घाबरल्यासारखा. ओट्याच्या कडप्प्यावर फळी ठेवून मारल्यासारखा. टाक. मग थांबला. मग जरा जोरात, टाक. मग खिडकी उघडल्याचं ऐकू आलं.

रखमीबाईंचा कोयता मध्येच थांबला. त्या ऐकत असाव्यात. मग त्यांनी असा घाव घातला की रेलिंगला हात लावून बघावंसं वाटलं, आणि वरून लगेच उत्तर आलं.

दक्षाबेन पायरीवर उभ्या होत्या. कुठल्या मजल्यावर आधी तक्रार करावी हे त्यांना ठरत नसावं. माझीही अडचण तीच होती. दोन्हीकडचं कानावर आलं होतं, म्हणजे दोन्हीकडे जाणं भाग होतं.

मी परत खाली गेलो आणि दुसरी वाटी घेतली.